साडूभाऊंच्या भावकीतला जर्मन

दोनशे वर्षांपूर्वी वारलेल्या त्या बहिऱ्या जर्मन संगीतकारावर आमच्या साडूभाऊंइतका हक्क साऱ्या जगात कुणाचा नाही, खुद्द जर्मनांचाही नाही. माणूस कुरुळीचा. चाकणच्या एका कंपनीत, पत्रा दाबणाऱ्या अजस्र प्रेससमोर त्यांची उमर गेली. एकदा नवी प्रेस बसवायला आलेला जर्मन इंजिनिअर जाताना त्यांना याच संगीतकाराच्या सुरावटींचा पेनड्राइव्ह देऊन गेला, आणि तो संगीतकार साडूभाऊंच्या भावकीत सामील झाला. त्याचं चरित्र ते शेजारच्या आळीतलं असल्यासारखं सांगतात. बाप दारुडा, घरमालकांशी कटकट, पुतण्यापायी कोर्टकचेऱ्या. "समदं आपल्यावानीच हाय, पाव्हणं," ते मला म्हणतात, "फकस्त ह्यो गडी त्यातनं उठून सूर लिवायचा." साखरपुडा असो की दहावा, हा विषय निघतोच, आणि दहाव्याला जास्त रंगतो.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते. एका वर्षी साडूभाऊंनी त्या संगीतकाराचा विस्कटल्या केसांचा, रागीट चेहऱ्याचा फोटो फ्रेम करून नेला, प्रेसवर ठेवला आणि हार घातला. पोरांना वाटलं, हाच प्रेस बनवणाऱ्यांचा मूळपुरुष. त्यांनी नारळ फोडला. नवे मॅनेजरसाहेब आले, तेही बूट काढून पाया पडले. साडूभाऊंनी कुणालाच खरं सांगितलं नाही. पाया पडण्याजोगा माणूस आहे, पडू देत, एवढंच त्यांचं म्हणणं. तेव्हापासून दर वर्षी त्याला तिथे हार असतो.

कंपनीने दिलेले कानातले बोळे मात्र त्यांनी कधी घातले नाहीत. प्रेसच्या ठोक्यांत त्यांना ताल सापडायचा. व्हायचं तेच झालं, कान गेले. डॉक्टरांनी मशीन दिलं, पण त्यातून सगळं संगीत डब्यात खडे हलवल्यासारखं येई, म्हणून तेही खिशात गेलं. त्या दिवसांत हा बोलका माणूस पार गप्प झाला. एकदाच म्हणाला, "तो बहिरा झाला तरी त्याला आतनं ऐकू यायचं. आपल्याला न्हाई जमायचं, पाव्हणं."

गेल्या गुरुवारी, कंपनीच्या आठवडी सुट्टीला, ते मोशीला आमच्याकडे आले. मी गॅलरीत त्या जर्मनाचं संगीत मोबाइलवर मोठ्यानं लावून तो त्यांच्या कानाशी ठेवला. मधल्या संथ भागात मोबाइलची बॅटरी संपली आणि आवाज बंद झाला. मी चार्जर आणायला उठलो आणि पाहिलं, त्यांचे डोळे मिटलेले होते, गुडघ्यावर बोट चालू होतं. मी परत बसलो. बऱ्याच वेळानं बोट थांबलं. त्यांनी डोळे उघडले.

"आज लई सावकाश वाजिवलं," ते म्हणाले. "पर ग्वाड."

मी बंद पडलेला मोबाइल हळूच उचलून खिशात टाकला. त्यांना जमलं होतं, आणि ते त्यांना सांगायची माझी हिंमत होईना.