अक्काचं सीताफळ

सीताफळ मूळचं आपल्याकडचं नाही, हे आमच्या घरात सगळ्यांत आधी मला कळलं आणि त्याचा मला फार माज होता. सोळा वर्षांची होते. सेलूहून लग्न होऊन बोरीला आले तेव्हा ट्रंकेत चार लुगडी होती आणि जुन्या मराठी मासिकांचा गठ्ठा. वडील मास्तर. निजामाच्या शाळेत सगळा कारभार उर्दूतून, म्हणून ते पुण्याहून रेल्वेनं मासिक मागवायचे आणि जेवताना मला मोठ्यानं वाचायला लावायचे. सासरी वाचणं सोडाच, सुनेनं जेवताना बोलायचीही सोय नव्हती.

सासूबाईंचं सोवळं गावात नावाजलेलं. मसूर चालत नाही, चातुर्मासात कांदा-वांगं चालत नाही, कुणाची सावली पडलेलं पाणी चालत नाही. एकदा नवऱ्यानं हौसेनं परभणीहून टमाटे आणले. सासूबाईंनी ते चिमट्यानं उचलून उकिरड्यावर टाकले, जागेवर गोमूत्र शिंपडलं आणि मला म्हणाल्या, "असलं विलायती, रक्तामांसासारखं तुझ्या बापाच्या घरी खात असतील. आमी न्हाई खात." नवरा कचेरीचे कागद चाळत बसला. टमाट्यांचं मला काही नव्हतं. बापाचं होतं. ते मी मनात धरून ठेवलं.

त्या घरात माझं म्हणावं असं माणूस एकच, थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणायची. चौदाव्या वर्षी तिचा नवरा गेला. तेव्हापासून डोक्याचं केशवपन, अंगावर तांबडं आलवण आणि दिवसातून एकदाच जेवण. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी, पण सासूबाईंची पाठ वळली की त्यांची चाल अशी हुबेहूब करायची की मला तोंडात पदर कोंबावा लागायचा. तिखट मात्र भयंकर खायची. भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन डोळ्यांतून धारा लागेपर्यंत. म्हणायची, "मिरची खाल्ली की मग रडलं तरी कोणी काही विचारत न्हाई बघ."

आणि सीताफळ. जिंतूरकडच्या डोंगरातली सीताफळं यायला लागली की अक्काचा चेहराच बदलायचा. गोडधोड तिच्या वाट्याला येत नसे. सण सवाष्णींचे, पुरणपोळी सवाष्णींची. पण सीताफळ ती हक्कानं मागून घ्यायची. "सीतामाईनं वनवासात खाल्लेलं फळ हाय हे. तिला कोणी न्हाई म्हणलं न्हाई, मला कोण म्हणंल?" यावर सासूबाईंनाही बोलता येत नसे. त्या घरात अक्काला कोणी नाही म्हणू शकत नव्हतं, असं तेवढं एकच होतं.

दसऱ्यानंतरच्या एकादशीला भटजी फराळाला आले. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, मधे सीताफळांची टोपली. मी वाढत होते. सासूबाई भटजींना हसत म्हणाल्या, "आमच्या सूनबाईला हे कुठलं गोड लागायला? हिच्या माहेरी टमाटे खातात."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं, ट्रंकेतून मासिक काढून आणलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. मिरची फिरंग्यांनी जहाजातून अमेरिकेहून आणली. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा, रताळं तिकडचंच. साबुदाणा मलायातल्या झाडाच्या बुंध्यातून काढतात आणि बोटीनं येतो. फिरंगी यायच्या आधी आपल्या वाडवडिलांनी यातलं काही तोंडात घातलेलं नव्हतं. नवरा डोळे मोठे करून मला गप्प बस म्हणत होता. सासूबाईंचा हात पंख्यावर थांबला होता. मला काय सुख झालं म्हणून सांगू! तिथं थांबले असते तरी चाललं असतं. पण उरलेलं एक वाक्य मी मासिक मिटून, माझ्या शब्दांत सांगितलं, "आणि सीताफळ तर सीतामाईनं पाहिलंसुद्धा नव्हतं."

सासूबाईंनी भटजींकडे पाहिलं. भटजींच्या तोंडात घास होता. तो गिळून ते म्हणाले, "प्रपंचातल्या माणसाला याचा दोष न्हाई." मग स्वैपाकघराकडे बघून म्हणाले, "केस उतरवलेल्या सोवळ्या बाईनं मात्र टाळलेलं बरं." आणि त्यांनी खिचडी पुन्हा मागितली.

सासूबाई उठून स्वैपाकघरात गेल्या. मी मागं धावले. अक्का चुलीपाशी बसली होती, मोसमातलं पहिलं सीताफळ नुकतंच फोडून हातात घेतलेलं. सासूबाईंनी ते काढून घेतलं. "म्लेंच्छांचं हाय. तुझ्या जावेनंच वाचून दाखवलं." मग माझ्यापुढं धरलं. "घे. तुला चालतं. खा."

मी खाल्लं. उभ्यानं, अक्काच्या समोर, बिया ओंजळीत गोळा करत. ते अतिशय गोड होतं.

त्या दिवसापासून अक्काच्या पानातून मिरची गेली, शेंगदाणा गेला, साबुदाणा, रताळं, सगळं गेलं. उपासाला मिरे घातलेली भगर, एरवी भाकरी आणि बिनतिखटाचं वरण. सासूबाई तिच्यासमोर बसून ठेचा खायच्या. मासिकात चूक आहे, मी खोटं वाचलं, असं मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून सांगितलं. "छापलेलं कधी खोटं असतं का? तूच शिकलेली," त्या म्हणाल्या. मी अक्काची माफी मागितली तेव्हा ती नुसती हं म्हणाली. सासूबाईंची नक्कल तिनं पुन्हा कधी केली नाही.

एकदाच तिनं विषय काढला. भाकरी थापताना हात थांबवून हळूच म्हणाली, "जोंधळा तरी आपलाच हाय ना? तुझ्या त्या मासिकात नीट बघून सांग. एकदाच काय ते सोडते." मी सगळा गठ्ठा चाळला. जोंधळ्याबद्दल कुठं काही नव्हतं. "आपलाच हाय अक्का," मी म्हणाले. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

रझाकारांच्या धामधुमीत आमचं घर बोरी सोडून निघालं, त्याच्या आदल्या साली अक्का तापानं गेली. शेवटच्या आठवड्यात तिच्या तोंडाला चव नव्हती. सासूबाई देवळात गेल्या असताना मी ठेचा वाटून वाटीतून नेला, बोटाला लावून तिच्या ओठांपाशी धरला. तिनं वास घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं तोंड भिंतीकडे वळवलं आणि म्हणाली, "नको. फिरंग्यांची हाय." सासूबाईंच्या धाकानं ती तसं म्हणाली असती तर मला सोसलं असतं. पण तिला ते पटलेलं होतं आणि पटवणारी मी होते.

परवा नातवाच्या पुस्तकात वाचलं, जोंधळाही मूळचा आफ्रिकेतला, हजारो वर्षांपूर्वी इकडे आलेला. सासूबाई जाऊन जमाना झाला. नवराही गेला. ऐकायला घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी मी ते मोठ्यानं वाचलं नाही.