फरहीन दोघांना घेऊन जाते

कबनूरमध्ये फरहीनचं घर यंत्रमागांच्या मागच्या बोळात आहे. तिथं बोलायचं तर आवाज चढवूनच. त्या दिवशी मात्र फरहीन शेजारच्या जावेच्या दारात गप्प उभी होती, कडेवर लेक मदिहा.

आमच्या संस्थेत आईनं सकाळी वरच्या मजल्यावर शिवणकाम शिकायचं आणि तेवढा वेळ तिचं मूल खाली बालवाडीत बसायचं. दोघं एकदम शिकली तर घर सावरतं का, हे बघायला चिठ्ठ्या टाकून काही घरं उपक्रमात घेतली, काही, काहीच न देता, नुसती तुलनेला ठेवली. फरहीनची चिठ्ठी निघाली. तिची थोरली जाऊ मेहरुन्निसा तुलनेत राहिली. रेशनकार्ड वेगळं, म्हणून आम्ही घरं दोन धरली. मधली भिंत एकच होती.

तुलनेतलं मूल कुणी बालवाडीत आणलं, तर आणणारीचं नाव कमी, असा नियम होता. आणि वर्ग संपल्यावर मिळणारं शिलाई मशीन फरहीनला हवंच होतं. मालकानं माग भंगारात काढल्यापासून तिच्या नवऱ्याला काम कधी मिळे, कधी नाही.

मोजणीसाठी पुण्याहून आलेले धैर्यशील सर आणि मी मेहरुन्निसाच्या मोहसीनची पाहणी करायला गेलो होतो. ती नुकतीच कारखान्यातून मागाच्या कांड्यांवर सूत भरून आलेली, केसांत त्याचा भुगा. पोराला मोजायला लावायची रंगीत बटणं सर काढत होते. मोहसीन बाहेरून आला, उंबऱ्याशी आमच्या चपला विस्कटलेल्या बघून खाली बसला आणि जोड्या लावून टाचा भिंतीला टेकवल्या. मग तोंडावर बोट ठेवून सरांपुढं मांडी घालून बसला.

हे वळण आमच्या बालवाडीत शिकवणाऱ्या बयाबाईंचं.

सरांनी विचारलं, हे कुणी शिकवलं?

"मीच," मेहरुन्निसा म्हणाली. "पोराला वळण नको व्हय?"

सर मोहसीनकडे वळले. मी मनात दत्तगुरूंचं नाव घेतलं. पोरगं दारातल्या चाचीकडे बघत राहिलं. आईनं शिकवलं असं लिहा, सर मला म्हणाले.

"लिवू नकासा, ताई," फरहीन म्हणाली. "मी नेते त्याला. माहेरचा भाचा म्हणून सांगितलंय बयाबाईंना."

"गप बस की, येडे. मशीन जाईल."

"जाऊ दे, भाबी. साहेब, दोघं दारात रडायची. एकाला न्यायचं आणि एकाला ठेवायचं, तुम्ही करून दाखवा. आणि मी वर शिवत बसते ती हिच्या कांड्यांवर. दोन्ही चुली हिच्याच पगारावर पेटत्यात. मोजायचं तर हे बी मोजा."

सरांनी बटणं पिशवीत भरली. "म्हणजे आपण इतके दिवस एका घराची तुलना त्याच घराशी करत होतो," ते म्हणाले.

सर परत गेले, पण पुढं काय करायचं याचा पुण्याहून निरोप येईना. गुरुवारी मी नृसिंहवाडीला गेले, महाराजांपुढं उभी राहिले, पण मागायचं काय तेच कळेना. नियम मोडू दे म्हणावं, की राहू दे?

निरोप आला. दोन्ही घरं मोजणीतून बाद. फरहीननं वर्ग पुरा करावा, मशीन मात्र मिळणार नाही.

सांगायला मीच गेले. मेहरुन्निसानं कपाळाला हात लावला आणि जावेला चांगलं सुनावलं. फरहीननं ओढणीनं तोंड पुसलं. बाहेर पोरं खेळत होती, तिकडं तिनं बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे मोहसीन आता तुमच्या तुलनेत न्हाय?"

"नाही," मी म्हणाले.

"मग त्याला बसायला कुणाची आडकाठी?"

मी आठवून बघितलं. कुठल्याच नियमात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघांचे हात धरून बालवाडीच्या दारात आली. बयाबाईंना म्हणाली, "भाचा न्हवं, पुतण्या हाय. नाव लिवून घ्या."