छत उचललं की दिसणारं स्टेशन

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. "मावशी, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. सकाळी चहा घेतला, एका पुलाला रंग द्यायला बसले, मध्येच चष्मा काढून ठेवला आणि खुर्चीत मागे टेकले... "ब्रश अजून ओला आहे," ती म्हणाली. या गोष्टीला आता पाच आठवडे होतील.

तिच्या बाबांचं, अशोक रामटेके हे नाव फार लोकांना माहीत नसेल. पण पुण्यात ज्यांच्या घरी फळीवर एखादी इवलीशी आगगाडी आहे, त्यांना रामटेकेभाऊ माहीत असतात. छोट्या रेल्वेची किट ते बनवायचे. लांबट पुठ्ठ्याच्या पेटीत पातळ प्लायचे कापलेले तुकडे, बोटाच्या पेरात मावतील अशी चाकं, दोरा, खिडक्यांच्या काचांसाठी पारदर्शक कागद आणि जोडणी कशी करायची ते सांगणारं घडी घातलेलं पान. आपण घरी बसून जोडायचं, की सिग्नलची केबिन तयार, मालगाडीचा डबा तयार. ते पान अठरा वर्षं मी काढत होते.

सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मी हातानं चित्रं काढायचं काम करायचे. लग्नपत्रिका, लोणच्याची लेबलं, असं काहीबाही. नव्वदीच्या दशकात छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि माझ्या टेबलावर काम येईनासं झालं. त्याच सुमाराला एक उंच, सावळे गृहस्थ हातानं लिहिलेला कागद छापायला घेऊन आले. मालकांनी तो वाचला आणि परत केला. "अहो, हे वाचून स्टूलसुद्धा उभं राहायचं नाही." गृहस्थ मनापासून हसले. "मंग चित्र काढून देईल का जी कोणी?" मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या बसल्याच आहेत."

त्यांनाही कॉम्प्युटरनंच घरी बसवलं होतं, हे नंतर कळलं. पिंपरीच्या एका कारखान्यात ते पॅटर्न मेकर होते. लोखंडी भाग ओतायच्या आधी तो हुबेहूब लाकडात करायचा, हे त्यांचं काम. कॉम्प्युटरवरच्या चित्रावरून साचा कापणारी मशीन आली आणि त्यांचा विभाग बंद झाला. भाऊंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आपल्या लाकूड कोरायच्या पटाश्या जुन्या टॉवेलात गुंडाळून येरवड्याच्या घरी आणल्या आणि पुढच्या खोलीत एक मोठं टेबल टाकलं.

त्या खोलीतल्या दुपारी मला अजून स्वप्नात दिसतात. तीन वाजले की पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरकं आत यायचं आणि लाकडाचा बारीक भुसा त्यात तरंगत राहायचा. भाऊ कौलाची एक ओळ बसवायचे, मी ती बघून काढायचे. बाहेर रिक्षा, भाजीवाला, कुठलीतरी मिरवणूक... आणि आत दोन माणसं नखाएवढ्या दाराकडे बघत बसलेली. कधी कधी वाटायचं, आपणच लहान होत चाललोय, आता थोड्या वेळात या फलाटावर जाऊन बसता येईल.

बुधवार पेठेत खेळण्यांच्या इवल्या मोटर आणि ट्रान्झिस्टर विकणारं एक दुकान त्यांच्या पेट्या ठेवायचं. सुरुवातीला निवृत्त लोक न्यायचे. मग आयटीतली मुलंमुली यायला लागली. गळ्यातलं ओळखपत्र तसंच, डोळे लाल. एक मुलगा एकदा चुकीचा चिकटवलेला खांब घेऊन थेट घरी आला. "काका, प्रॉब्लेम असा आहे की यात अन्डू नाहीये." भाऊ म्हणाले, "म्हणूनच तर हात जपून चालते, बाबू."

या सगळ्या पेट्यांत एक पेटी त्यांनी दोन वर्षं मनात बाळगली होती. विदर्भातल्या छोट्या लाइनवरचं, म्हणजे नॅरोगेजवरचं एक स्टेशन. भाऊंचे वडील तिथे रुळांची देखभाल करणारे गँगमन होते, भाऊ तिथेच रुळांपलीकडच्या खोलीत वाढले. लाइन रुंद करायची ठरली आणि जुनं स्टेशन पाडलं गेलं. फोटो एकही नव्हता. भाऊंनी ते सगळं आठवणीतून केलं. उतरती कौलं, घंटा, कडुनिंब, तिकिटाच्या खिडकीची कड, त्या कडेवर पालथा घातलेला तांदळाएवढा पेला. छत उचलता येईल असंही केलं. पेटी विकायला गेली त्या दिवशी त्यांनी मला जिलेबी खाऊ घातली.

दोन महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ आहे. "महाशय, पुतण्याने आपले स्टेशन भेट दिले. जोडले. कौले, घंटा बरोबर. कडुनिंब जरा जास्तच उंच. छत उचलले, तर आत काहीच नाही. तेथे माझे वडील स्टेशनमास्तर होते व आत पुष्कळ काही होते. आपण ते कोणाला न विचारता रिकामे केलेत. चौकशी करावयाची असल्यास सायंकाळी पाचनंतर यावे." खाली सदाशिव पेठेतला पत्ता आणि नाव, मालतीबाई.

मला हसू आलं. भाऊ हसले नाहीत. पुढे तीन आठवडे त्यांनी पटाशीला हात लावला नाही. प्रज्ञानं मला बोलावून घेतलं. मी म्हटलं, "भाऊ, टेबल-खुर्ची टाकू आत. त्यात काय एवढं?" तेव्हा ते हळूच म्हणाले, "काय टाकू ताई? मी आत गेलोच नाही कधी. बाबांची हजेरी खिडकीतूनच व्हायची. आत येऊ नका असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती."

शेवटी मीच त्यांना घेऊन गेले. मालतीबाई ताठ बसलेल्या, पांढरी साडी, समोर ते स्टेशन. छत बाजूला काढून ठेवलेलं. त्या सांगत गेल्या आणि भाऊ लिहून घेत गेले. इथे वडिलांचं टेबल. इथे तारेचं यंत्र. या कोपऱ्यात कंदील. या कोपऱ्यात माठ. भाऊंनी विचारलं, "माठावर पेला होता?"

"होता की. पितळी."

"आणि खिडकीबाहेर?"

मालतीबाईंनी वाकून खिडकीच्या कडेवरचा तो इवला पेला पाहिला. "मला वाटलं, तुम्ही शोभेला ठेवलाय," त्या म्हणाल्या.

"नाही जी. आमच्यासाठी होता तो. टिनाचा. त्यात वरून पाणी ओतायचे."

खोलीत पंखा फिरत होता. मालतीबाई म्हणाल्या, "ती पद्धत वडिलांनी सुरू केली नव्हती. आधीपासून होती." आणि मग, माझ्याकडे न बघता, "पण त्यांनी बंदही केली नाही. मी रोज बघायची. मला काही वाटायचं नाही, हे आज सांगते आहे." कंदील डावीकडे की उजवीकडे, एवढं भाऊंनी पुन्हा विचारून घेतलं.

नवी पेटी तयार झाली, तिच्यात खोली भरलेली होती. यंत्र, कंदील, माठ, सगळं. दोन पेले सुटे होते. पान काढताना मी विचारलं, "भाऊ, पेल्यांचा बाण कुठं दाखवू?" ते खिडकीबाहेर बघत होते. "त्याला बाण नका काढू. जोडणाऱ्याला ठरवू द्या."

पहिली पेटी त्यांनी मालतीबाईंना पाठवली. आठवड्यानं त्यांचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होते. भाऊ ऐकत राहिले, "बरं केलंत जी" म्हणाले आणि फोन ठेवून बाल्कनीत गेले. परत आले तेव्हा डोळे पुसलेले दिसत होते. "दोन्ही आत ठेवले म्हणते, माठाजवळ. म्हणते, उशीर झाला, पण ठेवले." मालतीबाई पुढे दोनच वर्षं होत्या. दर महिन्याला भाऊ त्यांच्याकडे चहाला जायचे. कडुनिंबाच्या उंचीवरून दोघांचं शेवटपर्यंत पटलं नाही.

भाऊंच्या आठवणीतला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याच्या पुढच्या रविवारी मी येरवड्याला गेले. पुढची खोली प्रज्ञानं आवरली नव्हती. ती स्वतः आयटीत. वडिलांची एकही पेटी तिनं कधी जोडली नव्हती. दुपारी बेल वाजली. दारात एक तरुण मुलगी, हातात पिशवी, पिशवीत अर्धवट जोडलेला पूल. "काका आहेत? त्यांनी अडलं की रविवारी ये म्हणून सांगितलं होतं." प्रज्ञानं तिला सांगितलं. मुलीचा चेहराच उतरला. "सॉरी... मला माहीत नव्हतं," म्हणत ती मागे वळायला लागली.

"थांब," प्रज्ञा म्हणाली. "आण तो पूल."

तिनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, भाऊंच्या खुर्चीवर स्वतः बसली आणि मी काढलेलं पान बोट ठेवत वाचायला लागली. आडवी पट्टी उलटी बसली होती. ती सोडवायला अर्धा तास गेला. मग प्रज्ञानं दोन खांबांना गोंद लावला, वर कमान ठेवली आणि दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून धरली. खिडकीतून ऊन आत आलं होतं.

"आता?" मुलीनं विचारलं.

प्रज्ञानं पानावर पुढची ओळ वाचली. "गोंद वाळेपर्यंत थांबा."

आम्ही तिघी थांबलो.