गुळगुळीत

शिरोलीच्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये मी तपासनीस आहे. तयार माल मोजायचा, सही करायची आणि पाठवायचा, एवढंच माझं काम. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एक सही केली आणि दोन शब्द पुसले. त्याबद्दल हे लिहितो आहे.

एका डेअरीच्या गरम पाण्याच्या लाइनसाठी आमच्याकडे फ्लँजचं काम आलं होतं. फ्लँज म्हणजे पाइपाच्या टोकाची जाड पोलादी चकती. अशा दोन चकत्या समोरासमोर ठेवून बोल्टने आवळतात आणि मध्ये पॅकिंग घालतात. चकतीच्या तोंडावर बारीक चरे लागतात, गाण्यांच्या जुन्या तबकडीवर असतात तसे. पॅकिंग त्या चऱ्यांत रुतून बसतं. ड्रॉइंगवर खडबडीतपणाचे दोन आकडे दिले होते, ३.२ आणि ६.३ मायक्रॉन. पृष्ठभाग या दोन्हींच्या मध्ये हवा होता. मी वरचा आकडा हीच काय ती मर्यादा धरली. त्याखाली जितकं जाऊ, जितकं गुळगुळीत करू, तितकं चांगलं, असं मला वाटलं. डिप्लोमा होऊनही वाटलं.

लेथवर एक मामा होते, नेसरीचे. उजव्या अंगठ्याचं नख जरा वाढवलेलं. मोजायचं यंत्र यायच्या आत ते नख फिरवून फिनिश सांगत, आणि यंत्र नंतर तेच सांगे. त्यांनी पहिली चकती दाखवली. बोटाला चरे लागत होते.

"मामा, हे खरखरीत आहे. एमरी पेपर मारून घासा."

"साहेब, आरसा करू नगासा. पॅकिंग धरायचं न्हाय."

"गिऱ्हाईकाला देखणं लागतं."

"मग काय, गिऱ्हाईक त्यात बघून भांग पाडणार हाय व्हय?"

शॉपमधले हसले. मला ते लागलं. मी कामाच्या सूचना लिहायच्या जॉबकार्डावर पेन्सिलीने दाबून लिहिलं, 'फेस गुळगुळीत करणे', आणि कार्ड त्यांच्या लेथला अडकवलं. मामांनी सगळ्या चकत्या चकचकीत केल्या. मी सही केली.

डेअरीत लाइनवर दाब देऊन चाचणी घेतली, तेव्हा पॅकिंग घसरून बाहेर आलं. कुणाला इजा झाली नाही. माल मात्र परत आला. मालक शॉपमध्ये येईपर्यंत मी ते कार्ड माझ्या टेबलावर आणलं होतं. 'गुळगुळीत करणे' खोडरबराने पुसून तिथे 'ड्रॉइंगप्रमाणे' लिहिलं होतं.

"एमरी कुणी मारली?" मालकांनी विचारलं.

"मी मारली," मामा म्हणाले. ते खरंच होतं.

"कार्डावर तर ड्रॉइंगप्रमाणे लिहिलंय. तुम्हाला कुणी सांगितला हा शहाणपणा?"

मामांनी कार्ड हातात घेतलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिलं. तेलाचा डाग पुसताहेत असं मला वाटलं. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांना पोलादी बार कापायच्या करवतीवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. शॉपमध्ये कुणाचं काम जास्त घासलं गेलं की अजूनही म्हणतात, "काय रं, मामाचा आरसा केलास काय?" मी ते ऐकत आलो.

यंदा कामासाठी आजऱ्याला गेलो होतो. परतताना वाट वाकडी करून नेसरीला गेलो. मामा अंगणात पंपाचा वॉल्व्ह उघडून बसले होते.

"या पावणं, लई वर्सांनी वाट चुकलासा."

चहा झाला. मग मी सांगितलं. कार्ड, पेन्सिल, खोडरबर, सगळं. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हाईत हाय की. पेन्सिल दाबून लिव्हलीती तुमी. अक्षरं पुसली, चरे ऱ्हायलंतं. नखाला लागलं."

"मग तेव्हा बोलला का नाही, मामा?"

"मी का बोलू? तुमीच बोलाय पायजे हुतं."

मी माफी मागितली. त्यांनी वॉल्व्हची चकती फडक्याने पुसली.

"मला सांगून काय हुतंय? मला ठावं हुतंच. शॉपात सांगा. अजून आरसा म्हणत्यात न्हवं?"

त्यांना ते कुणी सांगितलं होतं, हे मी विचारलं नाही.

सोमवारी चहाच्या सुट्टीत मालकही शॉपमध्ये होते. मी उभा राहून सांगितलं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मालक "केबिनमध्ये या" म्हणून निघून गेले. लेथवरच्याने विचारलं,

"म्हंजे आरसा मामाचा न्हवताच?"

"नाही. माझा."

त्याने कप खाली ठेवला आणि मशीन चालू केलं. मी केबिनकडे निघालो.