गुरुजींची उजवी बाजू

जव्हारात तुळशीदास गुरुजींच्या हाती माइक देणं सोपं, परत घेणं अवघड. एका लग्नात मंगलाष्टकांच्या आधी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर अंतरपाटामागे उभा असलेला नवरामुलगा या पायावरून त्या पायावर भार टाकून थकला, आणि शेवटी भटजींनीच गुरुजींच्या खांद्यावर अक्षता टाकून त्यांना गप्प केलं. एवढं होऊनही लोक त्यांनाच बोलावत. कारण आवाज मात्र खरोखर देखणा होता. भरलेला, ठाम, शब्दाचा शेवट न गिळणारा. मोखाडा तालुक्यातल्या पाड्यापाड्यांवरच्या शाळांत सगळी नोकरी झाली, तेव्हा वर्गाला भिंत नसली तरी त्यांचं काही अडलं नाही.

निवृत्त झाल्यावर या आवाजाचं करायचं काय, हा घरातला मोठा प्रश्न झाला. ऐकायला एकट्या उज्ज्वलाबाई. त्या भाजी निवडता निवडता 'हं' म्हणत. किती वेळाने 'हं' म्हणायचं, याचा त्यांना छान अंदाज होता.

अशात एक दिवस हर्षाली घरी आली. गुरुजींची जुनी विद्यार्थिनी, आता खोडाळ्याच्या हायस्कुलात इतिहास शिकवणारी. पोशेऱ्याच्या बाजूला जो गड आहे, त्याच्यासाठी तिने आणि तिच्या मित्रमंडळींनी एक ऑडिओ टूर करायला घेतली होती. पायथ्याच्या पाटीवरचा कोड मोबाइलने स्कॅन करायचा, फाइल उतरवून घ्यायची, कानाला इअरफोन लावून चालू पडायचं. दरवाजा आला की दरवाज्याची माहिती, तटबंदी आली की तटबंदीची. सोबत माणूस नको.

"माणूस नको?" गुरुजींचा चेहरा पडला.

"आवाज हवाय, गुरुजी. तुमचा."

चेहरा परत जागेवर आला.

हर्षालीच्या घरी, खिडक्यांना गोधड्या लावलेल्या खोलीत ध्वनिमुद्रण झालं. हर्षालीने सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून दिला होता. गुरुजींनी तो वाचला, म्हणजे मधूनमधून वाचला. दरवाज्यापाशी सुरू झालेलं वाक्य सातवाहनांकडे गेलं, तिथून नाणेघाटाला, तिथून त्यांच्या पहिल्या बदलीच्या हुकमावर. हर्षाली मान डोलवत राहिली आणि नंतर तिने निगुतीने काय काय कापायचं ते कापलं. गुरुजींना हे सांगायचा धीर मात्र तिला झाला नाही.

भाद्रपद सरत आला, टूर सुरू झाली. गुरुजींनी ठरवलं की गाजावाजा न करता, साध्या पर्यटकासारखं जाऊन आपण आपल्याला ऐकायचं. उज्ज्वलाबाईंनाही त्यांनी सोबत घेतलं. त्या आधी नको म्हणाल्या, गुडघे आठवले. मग पिशवीत भाकऱ्या, चटणी आणि पाण्याची बाटली भरून तयार झाल्या.

पायथ्याशी दोघांनी आपापल्या मोबाइलवर फाइल घेतली. गडाच्या उतारावर सोनकी पिवळीधमक फुलली होती. दरवाज्याशी उज्ज्वलाबाईंनी बटण दाबलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूच हसू पसरलं.

गुरुजी मात्र अस्वस्थ झाले. दरवाजा संपलासुद्धा! सातवाहन कुठे गेले? नाणेघाट?

"अगं, इथे मी आणखी बरंच सांगितलं होतं. हे बघ, ही जी कमान आहे ना—"

उज्ज्वलाबाईंनी बोटाने कानाकडे खूण केली. "थांबा जरा. तुम्ही बोलताय."

"मी बोलतोय म्हणूनच सांगतोय!"

"तुम्ही नाही. हे." त्यांनी मोबाइल दाखवला. "किती छान बोलता हो तुम्ही. नेमकं. आणि हे बघा, इथे बोट ठेवलं की थांबता."

त्यांनी बोट ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं. एवढ्या वर्षांच्या संसारात अशी सोय पहिल्यांदाच हाती आली होती, आणि ती वापरून बघायचा मोह त्यांना आवरेना. गुरुजी रागावून पुढे निघाले.

वर सपाटीवर वाट दुभंगते. डावीकडची थोरल्या टाक्याकडे जाते, उजवीकडची गडाच्या सोंडेवरून खाली, काळी नावाच्या शेतकरणीच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेताकडे. गुरुजींनी शाळेच्या कितीतरी सहली इथे आणल्या होत्या. पाय आपोआप डावीकडे वळले. चालताना ते कापलेले सातवाहन मागच्या मागे उज्ज्वलाबाईंना सांगत होते. टाक्यापाशी पोचून, "आणि म्हणून हे पाणी कधी आटत नाही," असं म्हणत ते वळले, तर मागे कोणी नाही. फक्त वारा आणि एक टिटवी.

"अगं ए!"

उत्तर नाही. गुडघे दुखरे, वाट निसरडी, एका बाजूला कडा. ते धोतराचा सोगा हाती धरावा तसा झब्बा वर धरून मागे धावत सुटले. फाट्याशी आले, इकडेतिकडे पाहिलं, आणि उजवीकडून खालून बायकी आवाजातली भांडणं ऐकू आली.

खालचं दृश्य असं होतं. बांधाच्या आत, कणसं धरलेल्या नागलीत, उज्ज्वलाबाई उभ्या. त्यांच्याजवळ ठाण्याहून आलेलं एक कुटुंब, नवरा, बायको, बायकोची आई, सगळे कानात इअरफोन घालून एका अर्ध्या कापलेल्या पिंपाकडे आदराने बघत होते. त्या पिंपातलं पाणी काळीच्या शेळ्या पीत होत्या. आणि त्यांच्यासमोर कमरेवर हात देऊन काळी.

"हेच का हो ते थोरलं टाकं?" ठाण्याच्या आजी विचारत होत्या. "यात म्हणतायत की पूर्वी साऱ्या गडाची तहान याच पाण्यावर भागायची."

"माझे शेळ्यांची भागते," काळी म्हणाली. "तुम्ही आदी नागलीतून भायेर निंगा."

तेवढ्यात तिला वरून उतरणारे गुरुजी दिसले. तिच्या मुलाला, सोम्याला, त्यांनीच पाढे शिकवले होते.

"या मास्तर! तुमचीच वाट बघत होती. आठ दिस झालं, रोज मानसं येतात न् माझे शेतात उभी राहतात. एकाच्या कानातला माझे कानाला लावून बघितला, तं आत तुम्ही! 'उजवीकडे वळा' सांगताव. तुमचा उजवा हात कोनचा, मास्तर?"

गुरुजींनी हात वर केला. बरोबर उजवा केला. मग घाईघाईने उज्ज्वलाबाईंच्या कानातला इअरफोन काढून स्वतःच्या कानाला लावला आणि ते वाक्य मागे घेऊन ऐकलं. तोच भरलेला, ठाम आवाज म्हणत होता: 'आता उजवीकडे वळा.'

झालं होतं ते असं. जन्मभर त्यांनी मुलांसमोर तोंड करून कवायत घेतली होती. आपला डावा हात उचलायचा आणि मुलांना सांगायचं, 'उजवा वर!' हर्षालीच्या कागदावर 'डावीकडे' लिहिलेलं होतं. गुरुजींच्या डोळ्यांनी ते डावीकडे असंच वाचलं, पण सवयीच्या जिभेने वर्गासाठी ते उलटवलं. हर्षालीच्या मंडळींनी गडावर येऊन टूर तपासलीही होती. पण वाट ज्यांच्या पायाखालची, ते सूचना कशाला ऐकतील? ती खऱ्या अर्थाने ऐकली फक्त परक्या माणसांनी. आणि उज्ज्वलाबाईंनी.

"अगं, तू तरी!" गुरुजी त्यांच्यावर घसरले. "गड तुला माहीत नाही का? मी पुढे डावीकडे चाललो होतो ना?"

"तुम्ही पुढे बडबडत चालला होतात," उज्ज्वलाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी तुमचं ऐकत होते."

गुरुजींनी इअरफोन त्यांना परत दिला.

त्यांनी काळीसमोर हात जोडले. आडवी झालेली नागली त्यांनी आणि ठाण्याच्या आजींच्या जावयाने मिळून जमेल तशी उभी केली. काळी बांधावर बसून चुका दाखवत राहिली. मग भाकऱ्या निघाल्या. काळीने घरून वालाची उसळ आणली. राग तिने सोडला नव्हता, पण जेवण झाल्यावर पुन्हा धरू, असा काहीसा भाव होता.

ध्वनिमुद्रण दुरुस्त होऊन नवी फाइल चढायला पुढचे दोन-तीन आठवडे लागणार होते. तोवर शनिवार-रविवारी गुरुजी स्वतः फाट्यावर जाऊन उभे राहू लागले. डावा हात लांब करून ते ओरडत, "डावीकडे! डावीकडे!"

माणसं इअरफोन न काढता नम्रपणे हसत आणि उजवीकडे वळत.

"अहो, ऐका! टाकं डावीकडे आहे!"

"काका, यात उजवीकडे सांगतायत," नाशिकचा एक तरुण म्हणाला.

"तो चुकीचं सांगतोय!"

"नाही हो काका, फार अभ्यासू माणूस वाटतो. आवाजावरूनच कळतं."

गुरुजींच्या अंगावर एकाच वेळी मूठभर मांस चढलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. "तो अभ्यासू माणूस मीच आहे!" ते गरजले. तरुणाने त्यांच्याकडे दयेने पाहिलं, एक लाडू त्यांच्या हातावर ठेवला आणि तो उजवीकडे गेला. खालून काळीचा आवाज आला, तेव्हा कुठे तो परतला.

शेवटी हर्षालीने निरोप धाडला. गुरुजी इस्त्रीचा झब्बा घालून, सातवाहनांची नव्याने तयारी करून, घसा गरम पाण्याने शेकून गेले.

"गुरुजी, एकच शब्द घ्यायचाय," हर्षाली म्हणाली. "डावीकडे."

"एकच?"

"एकच."

त्यांनी तो भारदस्त म्हटला, मग आर्जवी म्हटला, मग जरा करुण करून पाहिला. दुपार त्यातच गेली. हर्षालीने त्यातला अगदी पहिलाच घेतला. मात्र निघताना तिने धीर करून कापाकापीचंही सांगून टाकलं. गुरुजींनी खिडकीवरच्या गोधडीचे टाके पाहत विचारलं, "बदलीचा हुकूमसुद्धा कापलास?"

"तो सगळ्यात आधी कापला, गुरुजी."

गुरुजींना हसू आलं. पहिल्यांदा बारीक, मग खोली भरून.

टूर दुरुस्त झाली, पण पहिल्या आठवड्यातल्या माणसांनी काळीचे आणि तिच्या शेळ्यांचे फोटो सगळीकडे पाठवलेले. लोक आता मुद्दाम उजवीकडे वळू लागले. तेव्हा हर्षालीने काळीलाच गाठलं आणि तिच्या शेताच्या बांधावर तिचाही आवाज घेतला. काळीने कागद मागितला नाही, घसाही खाकरला नाही. तिचं सगळं म्हणणं एवढंच: "ही माझी नागली. मागं तो सूर्या डोंगर. बांधावरून बघा, आत उतरू नका. शेळ्यांचा पानी पिऊ नका. वारा चांगला हाय, जरा बसा."

टूरमधला हा सगळ्यात छोटा भाग. लोक तोच पुन्हा पुन्हा ऐकतात, असं हर्षालीने गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणाले, "त्यात माहिती अशी काहीच नाही."

पण दिवाळीनंतर नागली कापून झाली, तेव्हा ते एकटेच वर गेले. बांधावर बसून त्यांनी इअरफोन लावला आणि काळीचं ऐकलं. 'जरा बसा' पाशी आवाज संपला, पण मागे शेळीच्या गळ्यातली घंटा थोडा वेळ वाजत राहिली. गुरुजी बसून राहिले. कुणी विचारायला आलं नाही, आणि त्यांनीही कुणाला काही सांगितलं नाही.