तीट पुसलेली पिल्लं

फॉरेस्टची जीप आली की आमच्या वस्तीवरची माणसं अजून तिच्या मागच्या बाजूला बघतात. पेटी आहे का? झाकलेली आहे का? येताना होती आणि जाताना नव्हती, असं तर नाही ना? मीही बघते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली पहिली मीच, निपाणीत बी.ए. झालेली. तरीही बघते, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

कोगनोळीच्या अलीकडं आमचं रान. चेकनाक्याच्या पलीकडं महाराष्ट्र, तिकडं माझी आत्या दिलेली. बिबट्या पहिल्यांदा दिसला तेव्हा तिचा फोन आला, "तुमच्या कर्नाटकवाल्यांनी आणून सोडला म्हणं गं आमच्यात." इकडं आमच्या शेजारचा अण्णा छातीठोक सांगत होता की महाराष्ट्रवाले जीपमधून आणतात आणि हद्दीवर सोडून देतात. मी दोघांचंही खरं धरलं नाही. पण खोटं आहे असंही कधी म्हटलं नाही.

गेल्या हंगामात आमच्या उसाला तोड आली. सकाळी ऊस तोडणाऱ्यांची टोळी फडात शिरली आणि थोड्याच वेळात आतून आरडाओरडा झाला. मी आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, पळत गेलो. पाचटात तीन पिल्लं. डोळे नुकते उघडलेली, मांजरासारखी फिस्कारत होती.

"मांजरंच की ही," टोळीतली एक बाई म्हणाली.

"मांजर न्हवं, वाघराची हाईत," मुकादम मागं सरकत म्हणाला. "चला, निघा सगळी."

त्या बाईचं तान्हं मूल बांधावरच्या झोळीत होतं. ती गेली, मुलाच्या गालावरच्या तिटेवर बोट फिरवलं आणि परत येऊन एकेका पिल्लाच्या हनुवटीखाली, जिथं पांढरं होतं तिथं, काळा ठिपका लावला. "लेकरंच ती. दिष्ट लागाय नगो." कपाळावर का नाही लावलं, असं कुणीतरी विचारलं. "तिथं जागा कुठाय? देवानंच आधी लावून ठेवलीया." मुकादमसुद्धा हसला. पण हसत हसत त्यानं टोळी दुसऱ्या शिवारात हलवलीच.

फॉरेस्टचे साहेब आले. कन्नड माणूस, मराठी मोडकी पण गोड. "भिऊ नका री. आई लांब नसते. संध्याकाळी येते, घेऊन जाते." एवढं गोड बोलणारा सरकारी माणूस मी त्याआधी एकदाच बघितला होता. तो रस्ता रुंद करायला जमीन मोजायला आला होता.

साहेबांनी हातमोजे घातले, फोटो काढले. पिल्लांचे, तेही वरून, मग उसाचे, बांधाचे, आप्पांचे. मग पिल्लं प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये घालून वर हिरवी जाळी बांधली.

"इथंच राहू द्या की. नेता कशाला?" मी विचारलं.

"डॉक्टर तपासणार री. संध्याकाळच्या आत इथंच आणून ठेवतो. नाही ठेवलं तर ती शोधत वस्तीत येणार."

उत्तर बरोबर होतं, पण मला ते पटलं नाही. यायला उशीर झाला तर? आमचा गोठा त्या फडाला लागून आहे आणि दिवस कलताना आई तिथं एकटी धार काढायला बसते. जीप गेल्यावर आप्पा म्हणाले, "संगट कुणीतरी जायला पायजे व्हतं." ते मला आधी सुचायला हवं होतं.

साहेब शब्दाला जागले, उजेड असतानाच परत आले. गंमत अशी की आमच्या वस्तीनं सकाळ बघितलेलीच नव्हती. सगळे कामाला गेलेले, आणि बघणारी टोळी निघून गेलेली. कामावरून परतणाऱ्या माणसांना दिसलं ते एवढंच, की फॉरेस्टची जीप थांबली, हातमोजे घातलेली माणसं उतरली आणि बिबट्याची पिल्लं पेटीत घेऊन आमच्या उसाकडं निघाली.

अण्णानं मोटरसायकल पायवाटेवर आडवी लावली. "बघा! मी काय सांगत व्हतो? सोडत्यात म्हटलं तर हसत हुता की रं!"

लोकांनी मोबाईल वर धरले. साहेब समजावायला लागले, पण घाईत कन्नड जास्त आणि मराठी कमी झालं. कन्नड सगळ्यांना कळत होतं. कुणाला कळून घ्यायचं नव्हतं.

अण्णा आप्पांकडं वळला. "आप्पा, कवापास्नं चाललंय हे? तुमचंच रान गावलं व्हय ह्यास्नी?"

"सकाळी माझ्या फडात घावल्यात ती."

"घावली, का ठेवली?"

आयुष्यभर ज्या आप्पांच्या शब्दावर बांधाची भांडणं मिटली, त्यांना हे विचारलं जात होतं. मी पुढं झाले.

"जाळी काढा. सकाळी तिघांच्याही हनुवटीला तीट लावलेली मी बघितलीय. तीट असली तर तीच पिल्लं. नसली तर न्या परत."

सगळ्यांना पटलं. मला स्वतःचा जरा अभिमानही वाटला. साहेबांनी जाळी उघडली. तीन पिल्लं, आणि तिघांच्या हनुवट्या धुतल्यासारख्या पांढऱ्या.

"डॉक्टरांनी पुसलं री. आई चाटणार, काजळ पोटात जायला नको."

"व्हय तर! पावडर बी लावली असंल," अण्णा म्हणाला. हशा पिकला.

मग हशा थांबला आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. "तू सांग गं. शिकलेली हाईस. हीच व्हती का?"

मी वाकून बघितलं. तसेच डोळे, तसंच फिस्कारणं. पण बिबट्याचं कुठलं पिल्लू तसं नसतं?

"हीच होती असं मी म्हणणार नाही. मला ओळखता येत नाही," मी म्हणाले. साहेबांनी मान खाली घातली. "पण साहेब खोटं बोलत असतील तर ते उद्या बघता येईल. खरं बोलत असतील तर यांची आई आजच येणार, आणि पिल्लं फडात नसली तर येणार ती आमच्या गोठ्यावर. अण्णा, तिथं तुमची आई बसत नाही, माझी बसते. रान आमचं आहे. पेटी राहील."

अण्णानं मोटरसायकल काढली नाही. तेवढ्यात आप्पा पुढं आले आणि साहेबांपुढं हात धरला. "मोजं द्या हिकडं. जागा मला ठावं हाय. आनि तुमी जायचं न्हाय. गोठ्यात बसायचं, जीप फडाच्या तोंडाला लावून."

निळे हातमोजे घातलेले आप्पा क्रेट उचलून मोटरसायकलला वळसा घालून गेले, तेव्हा कुणी हसलं नाही. साहेब गोठ्यात पेंडीच्या पोत्यावर बसले. आईनं त्यांच्याकडं पाठ करून धार काढली, आणि मग चहा दिला.

दुसऱ्या दिवशी क्रेट रिकामं होतं. जाळी बाजूला पडलेली, सरीच्या ओल्या मातीत पंज्याचे ठसे. "ठसं काय, कोन बी उठवतंय," अण्णा म्हणाला. साहेबांना आप्पांचा रिकाम्या क्रेटसोबत फोटो पाहिजे होता. आप्पा नको म्हणाले.

जाताना साहेब मला म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या, म्हणून झालं री."

मी विचारलं, "एवढे फोटो काढता. पुसायच्या आधी त्या तिटेचा एक काढला नाही?"

"सुचलं नाही," ते म्हणाले.

नसेलही सुचलं. मला मात्र ते अजून खुपतं. बांधाचे फोटो काढणाऱ्या माणसाला तेवढंच कसं सुचलं नाही?

पुढं उरलेला ऊस तुटला, कुणाला काही झालं नाही. पण जीप गेली की अण्णा आधी तिच्या मागं बघतो आणि मग आमच्या घराकडं. परवा आई डेअरीला दूध घालायला गेली तर त्यानं विचारलं, "काय आक्का, आता कवा आणणार हाईत?"

"तुलाच इचारून आणतील," आई म्हणाली, आणि किटली उचलून घरी आली.