खुलन्याची बिडी

वहिनी गेल्याची बातमी मला देवरीत मिळाली. शाळेला सुट्टी लागली की ती मला बिडीसाठी टेंभुर्णीची पानं बघायला तिकडे पाठवायची. मी भूगोलाचा मास्तर, मला पानांतलं काय कळणार? पण 'तुमी नुसते उभे राहा, चष्मा पाहून लोकं नीट पानं देतेत,' असं तिचं म्हणणं. एसटीचा कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "मास्तर, मुर्रीच्या बाई गेल्या. सकाळीच." खरं सांगतो, मला आधी रडू आलं नाही, राग आला. मला पानांच्या मागे धाडून ही बाई परस्पर निघून गेली... निरोप घेण्याची तिला कधीच सवय नव्हती. परतीच्या बसमध्ये मी सबंध रस्ता तिच्याशी मनातल्या मनात भांडत होतो. गोंदियाच्या अलीकडे कुठेतरी डोळे भरून आले, तेव्हा शेजारच्या माणसाने खिडकी बंद करून घेतली. त्याला वाटलं, माझ्या डोळ्यांत धूळ जात असावी.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गोंदियाजवळ मुर्रीला बिडीचा कारखाना चालवायचा. कारखाना म्हणजे एक लांबलचक कौलारू खोली आणि मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका. पानं, तंबाखू, सूत गोंदियातल्या शेठच्या पैशाचं; वळून झालेला माल शेठकडे जायचा आणि तिथून रेल्वेने कलकत्त्यामार्गे पार पूर्व बंगालात, खुलन्याला. देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षी भाऊ तापाने गेला. शेठने दुसरा माणूस बघायला सुरुवात केली, तोवर वहिनी भावाच्या जागेवर जाऊन बसलीसुद्धा. तिला उठवायची हिंमत कोणाला झाली नाही.

बिडी न ओढणाऱ्यांना ठाऊक नसेल, पण प्रत्येक मुलखाची बिडी निराळी असते. आमच्याकडच्या माणसाला आखूड, घट्ट, कडक बिडी लागते. खुलन्याच्या माणसाला लागायची लांब, सैल भरलेली आणि भट्टीत तपकिरी होईस्तोवर शेकलेली. मुर्रीच्या बायका पोरवयापासून तेवढी एकच बिडी शिकल्या होत्या आणि तिला 'खुलना' म्हणत. खुलना हे गाव आहे हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना माहीत होतं. मी एकदा नकाशा नेऊन दाखवला, तर यशोदा, त्यांच्यातली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत तोंडाळ, नकाशाकडे बघून म्हणाली, "हे त आमच्या बिडीचं नाव हाये, मास्तर. गावानं मागून घेतलं असन."

रविवारी दुपारी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. हात कामात, कान मोकळे, त्यामुळे माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा हा वर्ग कितीतरी शहाणा होता. फाळणी झाल्यावरही परवाने काढून, जकात भरून माल जात राहिला. मग सरकारने रुपयाचं मोल उतरवलं. पाकिस्तानने आपल्या रुपयाचं उतरवलं नाही. आता कोणाचा रुपया कितीला धरायचा, यावर दोन्ही देश अडून बसले आणि सरहद्दीवर मालाची ये-जा थांबली. मी हे सगळं त्या रविवारी चांगलं रंगवून सांगितलं. आयात, निर्यात, व्यापाराचा तोल, परकीय चलन... मला स्वतःलाच माझं कौतुक वाटत होतं. वहिनीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आपली बिडी जाईन का नाई?"

"नाही जाणार."

"मंग येवढंच सांगा ना, भाऊजी."

शेठने फर्मान काढलं, आता इथल्या बाजाराची आखूड बिडी वळा. पान कापायचा नवा, आखूड मापाचा पत्रा आला. पान आखूड झालं, पण बोटं कशी आखूड होणार? बायकांच्या हातून तंबाखू सैलच भरला जायचा. आखूड बिडी सैल भरली की दोन झुरक्यांत विझते. शेठचा चेकर आला की निम्मा माल छाट म्हणून बाजूला फेकायचा. गंमत म्हणजे त्याची पाठ वळली की बायकांचे हात आपोआप जुन्या लांब पानाकडे जायचे. यशोदाला विचारलं तर म्हणाली, "मी कुठं करून राहिली? हातच करून राहिले." शेवटी शेठने सांगून टाकलं, होळीपर्यंत हात सुधारले नाहीत तर खोलीला कुलूप. धान कापून झालं की मुर्रीत बायकांना दुसरं काम नव्हतं. हे कुलूप म्हणजे कितीतरी घरांच्या चुलींना लागणारं कुलूप होतं आणि ते शेठलाही कळत होतं.

मी वहिनीला म्हटलं, सोडा हे आता, गोंदियाला आमच्याकडे राहायला या. ती म्हणाली, "मी येतो. पन ह्या साऱ्या बायका तुमच्या दोन खोल्यात मावतीन का?" 

आणि मग म्हातारा आला. रेल्वे कॉलनीत दत्तबाबू नावाचे गार्ड राहायचे, त्यांचे वडील. त्या थंडीत ते खुलन्याहून घरदार सोडून मुलाकडे आले होते. चेकरने फेकलेल्या छाटात बायकांनी चोरून वळलेल्या लांब बिड्याही असायच्या. तो छाट वहिनी स्टेशनजवळच्या पानठेल्यावर पडेल त्या भावात द्यायची. तिथली एक बिडी हातात धरून, विचारत विचारत, म्हातारा मुर्रीपर्यंत चालत आला. मी पेपर वाचत होतो. दारात उभं राहून त्याने विचारलं, "ये बिडी कौन बनाता है?"  छाट विकला म्हणून तक्रार आली, असंच सगळ्यांना वाटलं. म्हातारा उंबऱ्यावर बसला. "ये हमारे खुलना का बिडी है," म्हणाला.

"हो, खुलनाच हाये," यशोदा म्हणाली.

म्हातारा रडायला लागला. वहिनीने त्याला पाणी दिलं आणि रडू दिलं. मग विचारलं, "बाबा, आपके मोहल्ले के बाकी लोग किधर हैं?" तो म्हणाला, सगळे इकडेच आले, कलकत्त्याच्या स्यालदा स्टेशनवर पडलेत, तिथेच मिळेल ती मजुरी करतात. वहिनी माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुमच्या पेपरात माल किती गेला, किती आला, सारं लिवतेत. मानसं आली ते कोनत्या रकान्यात लिवतेत?" मी म्हटलं, तसा रकाना नसतो. "मंग आपन कायले त्या रकान्याच्या भरोशावर बसून राह्यलो?"

मी आजही म्हणतो, छाटातल्या लांब बिड्यांचं पोतं घेऊन कलकत्त्याला जाणं हा वेडेपणाच होता. पण गेलो. वहिनी, तो म्हातारा आणि रजा टाकून मी. स्यालदाला पाऊल ठेवलं आणि वहिनीचे पायच थांबले. फलाटभर संसार मांडलेले... बोचक्यांच्या आडोशाला तान्ही पोरं, विटांवर शिजणारा भात. "ह्यायच्यापाशी खायले नाई, आन मी बिडी घेऊन आली," ती हलक्या आवाजात म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. तिला हरलेली मी तेवढी एकदाच पाहिली. म्हाताऱ्यानेच तिला उठवलं. जे कमवायला लागलेत त्यांच्याकडे चला, म्हणाला. स्टेशनबाहेरच्या एका पानवाल्यापाशी त्याने आम्हाला नेलं. पानवाल्याने मान हलवली, नवी बिडी इथे खपत नाही. वहिनी आपल्या गोंदियाच्या हिंदीत म्हणाली, "नया कुछ नहीं है भैया. आदमी इधर आ गया, तो उसका आदत क्या उधरीच रह गया?" तो हसला, पण माल घेतला नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जाऊन उभी राहिली, त्याच्या पुढच्याही दिवशी. शेवटी वैतागून त्याने बिड्यांचा एक कट्टा फळीवर ठेवून घेतला. संध्याकाळच्या आत त्याचा माणूस आम्हाला शोधत आला. ओझी उतरवून आलेल्या खुलन्याकडच्या हमालांनी कट्टा संपवला होता आणि आणखी मागत होते.

परत आल्यावर ती शेठसमोर एवढंच बोलली, "माल बदलू नका, पत्ता बदला." शेठ व्यापारी माणूस, त्याने पत्ता बदलला. होळी आली आणि गेली, खोलीला कुलूप लागलं नाही. पुढे दोन देशांचं भांडण मिटलं, पुन्हा पेटलं, व्यापार कधी सुरू, कधी बंद. मी दर रविवारी ते वाचून दाखवायचो आणि बायका वळत राहायच्या. वहिनी काही देवी नव्हती. चेकरशी ती हमरीतुमरीवर यायची, उशिरा आलेल्या बाईला सगळ्यांदेखत बोलायची, आणि माझे आभार तिने जन्मात मानले नाहीत. ते तिला जमायचंच नाही. आता मला त्याचीही आठवण येते.

तिच्या तिसऱ्या दिवसानंतर मी खोलीचं दार लावून यायला मुर्रीला गेलो. सुतकात कोण येणार, असं वाटलं होतं. तर खोली भरलेली. सगळ्या खाली मान घालून वळत होत्या. कलकत्त्याचा माल बांधून दारापाशी ठेवलेला होता. "मग धाडला का नाही?" मी विचारलं. यशोदाने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "चाखला नाई ना अजून."

मग तिनेच सांगितलं, तेव्हा मला कळलं. दर खेपेला माल निघण्याआधी वहिनी दार लोटून घ्यायची, पदर सारून भिंतीकडे तोंड करायची आणि वरच्या कट्ट्यातली एक बिडी पेटवून ओढायची. खुलन्याच्या माणसाला चालेल अशी असली, तरच माल निघायचा. विधवा बाई आणि बिडी! गावाला कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. इतकी वर्षं बायकांनी ही गोष्ट खोलीबाहेर जाऊ दिली नव्हती. मलासुद्धा कळू दिली नव्हती.

"आता तुमी चाखा, मास्तर."

"मी? मी आयुष्यात बिडी ओढली नाही, यशोदाबाई."

"त्याबी कुठं ओढत होत्या? पयल्या दिवशी ओकल्या होत्या."

तिने कट्टा सोडून एक बिडी माझ्या हातात दिली आणि कोणीतरी उठून दार लोटलं. मी भिंतीकडे तोंड केलं. बिडी पेटली, धूर छातीत गेला आणि मी जो खोकत सुटलो तो थांबेना, डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यातलं धुराचं किती ते मला सांगता येणार नाही. मागे बायकांचे हात थांबले होते. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बिडी विझली नव्हती. मी आणखी एक झुरका घेतला.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "जाऊ द्या माल."